बफेलोचा पहिला हिवाळा: सरोवरावरून येणाऱ्या बर्फाची तयारी

ऑगस्टमध्ये विद्यापीठात किंवा नोकरीवर रुजू होण्यासाठी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बफेलोला आलेल्या मराठी माणसाला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत येथील थंडीचा अंदाज येत नाही. ऊन पडते, मेपलची पाने लाल होऊन गळलेली असतात, दिवाळीचा फराळ अजून डब्यांत असतो आणि साध्या जाकिटावर काम भागते. मग एके दिवशी सरोवराच्या दिशेला आकाशात करड्या ढगांची भिंत उभी राहते, आणि त्या भिंतीखाली कोण सापडले व कोण सुटले यावर पुढचे तीन-चार दिवस ठरतात. ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला बरीच वर्षे राहत असताना दर शरद ऋतूत नव्या कुटुंबांना जे तोंडी सांगत आलो, ते येथे एकदा क्रमाने लिहून ठेवतो. लेख मुख्यतः बफेलो आणि त्याच्या उपनगरांसाठी आहे. पेनसिल्व्हेनियातील ईरी शहर, क्लीव्हलँडचा पूर्व भाग, तसेच ऑन्टारियो सरोवराच्या बाजूची रॉचेस्टर, ऑस्विगो, सिरॅक्यूज ही गावे यांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील. मात्र वाऱ्याच्या दिशा ज्याने त्याने आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्याव्यात.

पायरी १: हा बर्फ कसा तयार होतो ते समजून घ्या

गावाकडे थंडीच्या दिवसांत पहाटे विहिरीवर किंवा नदीवर गेलेल्या माणसाने पाण्यावरून उठणारी वाफ पाहिलेली असते. पाण्याने आपली ऊब रात्रभर धरून ठेवलेली असते, वरची हवा गारठलेली असते, आणि दोहोंतील फरक त्या वाफेच्या रूपाने डोळ्यांना दिसतो. ईरी सरोवरावर नोव्हेंबरात हेच घडते. विहिरीच्या जागी तेथे सुमारे ३८८ किलोमीटर लांबीचे पाणी असते. हे सरोवर पाच महासरोवरांपैकी सर्वांत उथळ आहे, त्याची सरासरी खोली अवघी १९ मीटर आहे, त्यामुळे उन्हाळ्यात ते लवकर तापते आणि ऑगस्टमध्ये पाणी २३-२४ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाही पाण्यात १० ते १२ अंशांची ऊब शिल्लक असते, आणि त्याच सुमारास कॅनडाकडून कोरड्या, अतिथंड हवेचे लोट येऊ लागतात.

सरोवराचे पाणी आणि साधारण दीड किलोमीटर उंचीवरील हवा यांच्या तापमानात १३ अंश सेल्सिअस किंवा अधिक फरक पडला की हे यंत्र सुरू होते, असा हवामानशास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे. खालची हवा पाण्याकडून ऊब आणि बाष्प घेते, हलकी होऊन वर चढते, तिचे ढग होतात आणि वारा ते ढग किनाऱ्याकडे ढकलतो. सरोवर नैऋत्य-पश्चिमेकडून ईशान्य-पूर्वेकडे पसरलेले आहे आणि बफेलो त्याच्या अगदी टोकाशी वसले आहे. म्हणून वारा सरोवराच्या लांबीवरून सरळ वाहिला की शेकडो किलोमीटर गोळा केलेले बाष्प एकाच अरुंद पट्ट्यात येथे उतरते. किनारा ओलांडल्यावर जमिनीच्या घर्षणाने वारा मंदावतो, मागून येणारी हवा त्यावर चढते, आणि शहराच्या दक्षिणेकडील टेकड्या तिला आणखी वर उचलतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून महाबळेश्वरात कोसळतात आणि पायथ्याच्या वाईला त्यातला थोडाच वाटा मिळतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा शेवटचा भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

यात सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे ‘पट्टा’. सरोवरावरून येणारा बर्फ सगळ्या शहरावर सारखा पडत नाही. पट्ट्याची रुंदी कधी १०, कधी ३० किलोमीटर असते. त्याच्या आत तासाला २ ते ३ इंच बर्फ पडतो, प्रसंगी विजा कडाडतात, आणि कडेपासून मैलभर बाहेर चक्क ऊन असते. बैलाचे एक शिंग ओले आणि दुसरे कोरडे, असे आपल्याकडे वळवाच्या पावसाबद्दल म्हणतात. ते येथे अक्षरशः अनुभवास येते. १७ ते २१ नोव्हेंबर २०१४ या दिवसांत बफेलोच्या पूर्वेला व दक्षिणेला पाच फुटांहून अधिक बर्फ पडला, कौल्सव्हिल येथे ८८ इंचांची नोंद झाली, आणि त्याच वेळी शहराच्या उत्तर भागात काही इंचांवर निभावले. त्या मंगळवारी मी ॲमहर्स्टमध्ये उन्हात उभा होतो आणि दक्षिणेला ढगांची पांढरी भिंत क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरलेली दिसत होती. त्या भिंतीच्या आत, लँकेस्टरला राहणाऱ्या मित्राने पुढचे दार आत ओढून उघडले, तेव्हा दाराच्या जागी बर्फाचे दुसरे दार उभे होते. लाकडी दारावरच्या चौकटींचा ठसा त्यावर जसाच्या तसा उमटला होता, कडीच्या खोबणीसकट. आम्हा दोघांच्या घरांत गाडीने अर्ध्या तासाचेही अंतर नाही.

पायरी २: आपले घर कोणत्या वाऱ्याखाली येते ते शोधा

घर घेण्याआधी हे कळले तर उत्तम, पण घेतल्यावरही उशीर झालेला नसतो. नकाशा उघडा, सरोवराचे पूर्व टोक पाहा आणि तेथून आपल्या घराकडे रेघ ओढा. वारा नैऋत्येकडून असेल तर पट्टा शहरावर आणि उत्तरेकडील टोनावांडा, ॲमहर्स्ट, विल्यम्सव्हिल या भागांवर येतो. वारा थोडा पश्चिमेकडे वळला की मध्य बफेलो, विमानतळाचा परिसर आणि चीकटोवागा यांची पाळी येते. आणखी वळला की लॅकवाना, वेस्ट सेनेका, हॅम्बर्ग, ऑर्चर्ड पार्क ही ‘साउथटाउन्स’ सापडतात; वायव्येकडून आला तर सरोवर आडवे ओलांडणारे अनेक बारीक पट्टे तयार होतात आणि शोटॉक्वाच्या टेकड्यांवर बर्फ पडतो. वाऱ्याच्या दिशेत १० अंशांचा फरक पडला तरी पट्टा एका उपनगरावरून दुसऱ्यावर सरकतो, आणि एका वादळात तो चार वेळा वर-खाली होऊ शकतो. म्हणूनच नोव्हेंबर २०२२ मध्ये हॅम्बर्ग आणि ऑर्चर्ड पार्क येथे ८० इंच किंवा त्याहून अधिक बर्फ साचला, तर उत्तरेकडच्या उपनगरांत त्याच्या एका लहान हिश्शावरच भागले.

यावरून एक सवय लावून घ्यावी. मोबाइलमधल्या ॲपवर दिसणारे ढगाचे चित्र आणि ‘बफेलो: ४ इंच’ हा आकडा यांवर विसंबू नये. नॅशनल वेदर सर्व्हिस या सरकारी हवामान सेवेच्या बफेलो कार्यालयाचे इशारे जिल्ह्याच्या भागांप्रमाणे दिले जातात. ईरी काउंटीचेही उत्तर ईरी आणि दक्षिण ईरी असे दोन भाग केलेले आहेत. आपला भाग कोणता ते लिहून ठेवावे. त्या कार्यालयाचे हवामानतज्ज्ञ दिवसातून अनेकदा ‘फोरकास्ट डिस्कशन’ या नावाने सविस्तर टिपण प्रसिद्ध करतात, त्यात पट्टा किती वाजता कोठे असेल, कोणत्या दिशेला सरकेल आणि त्यांना कितपत खात्री आहे हे गद्यात लिहिलेले असते. सुरुवातीला भाषा जड वाटते, पण दोन-तीन वादळांनंतर ती सरावाची होते, आणि माझ्या मते येथील रहिवाशाला याहून उपयोगी वाचन नाही.

इशाऱ्यांचे तीन शब्द मात्र पहिल्याच दिवशी पाठ करावेत. ‘वॉच’ म्हणजे शक्यता आहे, तयारी पुरी करा. ‘ॲडव्हायजरी’ म्हणजे त्रास होईल, जपून वागा. ‘वॉर्निंग’ म्हणजे धोकादायक हवामान येणार हे जवळपास नक्की झाले आहे किंवा ते सुरूही झाले आहे. याखेरीज काउंटी किंवा गाव ‘ट्रॅव्हल बॅन’ जाहीर करते. तो सल्ला नसतो, कायद्याचा आदेश असतो, आणि तो मोडून गाडी काढल्यास दंड होतो. रस्त्यांची स्थिती ‘५११ एनवाय’ या सरकारी सेवेवर पाहता येते.

पायरी ३: ऑक्टोबर संपण्याआधी घर आवरा

दिवाळीची साफसफाई आपण करतोच. तिच्याच जोडीला ही कामे उरकावीत. यंदा वेळ आहे, पहिला बर्फ बघून करू, असे म्हणणाऱ्यांनी १२-१३ ऑक्टोबर २००६ ची आठवण ठेवावी. त्या रात्री विमानतळावर २२.६ इंच ओला, जड बर्फ पडला, झाडांवर पाने तशीच होती, त्यामुळे फांद्या भाराने मोडून तारांवर पडल्या आणि लाखो घरांची वीज गेली; काही ठिकाणी ती परत यायला आठवडाभराहून अधिक काळ लागला.

बागेतला पाण्याचा पाइप नळापासून सोडवून आत ठेवावा आणि बाहेरच्या नळाचा आतला कॉक बंद करावा. मुख्य पाण्याचा कॉक तळघरात कोठे आहे ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवून ठेवावे, कारण गोठून फुटलेल्या नळाचे पाणी थांबवायला मिळतात ती मोजकी मिनिटे. कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालची कपाटाची दारे उघडी ठेवावीत आणि नळाची बारीक धार चालू ठेवावी. सुट्टीत भारतात जाणार असाल तर हीटिंग पूर्ण बंद करून जाऊ नये. थर्मोस्टॅट ५५ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे १३ अंश सेल्सिअस) खाली आणू नये.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी करारनामा काढून दोन ओळी शोधाव्यात: पदपथावरचा बर्फ काढणे कोणाकडे, आणि ड्राइव्हवेचे काय. घरमालकाने हे भाडेकरूवर टाकलेले असेल तर हंगामाचा प्लाऊवाला, म्हणजे गाडीने बर्फ बाजूला सारणारा माणूस, ऑक्टोबरमध्येच ठरवावा लागतो. पहिल्या वादळानंतर कोणाकडे जागा उरत नाही. ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना चमकणाऱ्या काठ्या रोवलेल्या दिसतात, त्या प्लाऊवाल्याला कडा कळावी म्हणून असतात आणि जमीन गोठल्यावर त्या रोवता येत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो. नव्या पद्धतीच्या गॅस फर्नेसची, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीची, हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी नळी पुष्कळदा छपरावर नसून घराच्या बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर, पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपने बाहेर काढलेली असते. बाजूच्या भिंतीशी बर्फ साचला की ती बुजते. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात मध्यरात्री जिन्यातल्या कार्बन मोनॉक्साइड यंत्राने चार-चार ठोके वाजवायला सुरुवात केली, आणि बॅटरी संपली असेल असे समजून मी ते यंत्र काढून ठेवण्याच्या बेतात होतो. पत्नीने मुलीला उचलले, आम्ही बाहेर आलो आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. अग्निशमन दलाच्या जवानाने हातातला मोजणारा डबा तळघरात नेला, परत येऊन आमच्या डोळ्यांदेखत भिंतीशी फावडे घातले आणि ढिगाखालून ती पांढरी नळी उघडी केली. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि डोके जड होऊन झोप येणे हेच त्याचे लक्षण असल्यामुळे झोपलेल्या माणसाला ते कळत नाही. म्हणून प्रत्येक मजल्यावर यंत्र आहे आणि त्याची बॅटरी चालू आहे याची खात्री करावी, आपली नळी कोणत्या भिंतीत आहे ते दिवसाउजेडी पाहून ठेवावे, आणि वादळात दर काही तासांनी ती मोकळी करावी. यंत्र वाजले तर आधी सगळ्यांनी बाहेर पडावे. कारण मागाहून शोधावे. वीज गेली म्हणून गॅसची शेगडी किंवा ओव्हन ऊब मिळवण्यासाठी पेटवून ठेवू नये, कोळशाची शेगडी घरात आणू नये, आणि जनरेटर असेल तर तो घरापासून किमान २० फूट दूर, उघड्यावर चालवावा.

पायरी ४: गाडी

तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की साध्या टायरचे रबर कडक होऊन पकड सोडू लागते. बारमाही टायर पुरतात की हिवाळी टायर घ्यावेत, यावर येथे प्रत्येकाचे मत वेगळे आहे. ज्यांना रोज साउथटाउन्समधून ये-जा करावी लागते त्यांनी हिवाळी टायरच घ्यावेत असे माझे ठाम मत आहे, आणि चारही चाकांना घ्यावेत. गॅरेजवाल्यांकडे ऑक्टोबरच्या शेवटी रांग लागते, म्हणून नवरात्रातच वेळ घेऊन ठेवावा. काच धुण्याचे द्रव हिवाळी प्रकारचे भरावे, नाहीतर ते टाकीतच गोठते. बॅटरी जुनी असेल तर तपासून घ्यावी. इंधन अर्ध्या टाकीखाली जाऊ देऊ नये.

डिकीत ब्रश असलेला खरवडा, लहान फावडे, घोंगडी किंवा जाड रजई, टॉर्च, फोनचा चार्जर, पाणी, थोडा सुका खाऊ, भडक रंगाचे फडके आणि चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी ठेवावी. काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतू नये, काच तडकते. छपरावरचा बर्फ खाली ओढूनच निघावे. तो ब्रेक लावताच पुढच्या काचेवर घसरतो किंवा वेगात मागच्या गाडीवर उडतो. न्यूयॉर्क राज्यात वायपर चालू असतील तर हेडलाइट लावणे कायद्याने बंधनकारक आहे.

लहान मुलांबाबत एक सूचना: फुगीर कोट घालून मुलाला कार सीटमध्ये बांधू नये. अपघातात कोट चेपतो आणि पट्टे सैल पडतात. मुलाला पातळ गरम कपड्यांत बांधून वरून कोट किंवा पांघरूण घालावे.

पायरी ५: कपडे आणि चालणे

एका जाडजूड कोटापेक्षा तीन थर अधिक उपयोगी पडतात: अंगाला लागून घाम शोषून न ठेवणारे थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, आणि बाहेर वारा व पाणी अडवणारा कोट. अंगालगत सुती बनियन घातले तर ते घामाने ओले होऊन अंग गार करते, ही भारतातून आलेल्यांची नेहमीची चूक आहे. बूट पाणी न शिरणारे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे आणि जाड मोज्यासह किंचित सैल असावेत. आवळलेल्या बुटात रक्त फिरत नाही आणि बोटे आधी गारठतात. हाताची बोटे एकत्र राहतील असे मिटन्स पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा गरम असतात.

वाऱ्यामुळे भासणारी थंडी अंदाजात वेगळी दिलेली असते, ती पाहावी. तापमान उणे १८ अंश सेल्सिअस असताना ताशी २४ किलोमीटर वारा असेल तर ते शरीराला उणे २८ सारखे लागते आणि उघडी कातडी सुमारे अर्ध्या तासात हिमदंशाला बळी पडू शकते. बोट किंवा कान पांढरट, बधिर झाले तर ते चोळू नये. आत येऊन कोमट पाण्याने हळूहळू ऊब द्यावी आणि संवेदना परत आली नाही तर डॉक्टरांकडे जावे.

हिवाळ्यात भारतातून आई-वडील येणार असतील तर त्यांना पहिल्या दिवशी चालायला शिकवावे, हे ऐकायला विचित्र वाटले तरी. रस्त्यावर दिसत नसलेल्या पातळ काळ्या बर्फावर, ज्याला येथे ‘ब्लॅक आइस’ म्हणतात, पाय घसरून मनगट किंवा खुबा मोडतो. पावले लहान टाकावीत, पाय सपाट ठेवावा, शरीराचा भार पुढच्या पायावर घ्यावा आणि हात खिशात घालू नयेत. पायऱ्यांवर मीठ टाकावे. साधे खडे मीठ उणे ९ अंशांच्या आसपास निष्प्रभ होऊ लागते. त्याखाली कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या मिळतात त्या वापराव्यात.

काळोखाचाही उल्लेख करतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो. त्यात सरोवरावरचे ढग दिवसचे दिवस हटत नाहीत. एकट्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हे जाणवते. झोप, भूक आणि उत्साह यांत सतत बिघाड दिसला तर विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाण्यात संकोच बाळगू नये.

पायरी ६: शिधा

चार दिवस बाहेर पडता येणार नाही असे धरून साठा करावा. डाळ-तांदूळ घरात असतोच, पण वीज गेल्यावर शिजवता येईलच असे नाही, म्हणून न शिजवता खाता येईल असे काही हवे. दडपे पोहे, चिवडा, लाडू, मेतकूट आणि दही-भाताचा उरलेला भात यांनी मी एक पूर्ण दिवस काढलेला आहे. दिवाळीचा फराळ थोडा राखून ठेवण्याला येथे व्यावहारिक कारण आहे. पिण्याचे पाणी, दुधाची भुकटी, तान्ह्या मुलाचे अन्न, रोजची औषधे किमान आठवड्याची, टॉर्च, भरलेली पॉवर बँक. ‘वॉच’ जाहीर झाल्यावर दुकानांत ब्रेड आणि दूध संपते, म्हणून हा साठा आधीपासून असावा आणि दर महिन्याला फिरवत राहावा.

पायरी ७: पट्टा डोक्यावर आल्यावर

घरी असाल तर घरीच राहावे. ही एक ओळ सगळ्यांना ठाऊक असते आणि तरीही २३ डिसेंबर २०२२ पासूनच्या हिमवादळात ईरी काउंटीत ४७ माणसे गेली. इशारा काही दिवस आधीपासून दिलेला होता. ताशी ७० मैलांच्या झोतांचा वारा, विमानतळावर ५०हून अधिक इंच बर्फ, आणि सुमारे दीड दिवस अखंड हिमवादळाची स्थिती अशी ती अवस्था होती. अग्निशमन गाड्या आणि रुग्णवाहिका स्वतःच अडकून पडल्या. मृतांपैकी काही गाडीत सापडले, काही रस्त्यावर चालताना, काही ऊब नसलेल्या घरात, आणि काहींचे हृदय बर्फ उपसताना बंद पडले. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन लगेच येतो, हा विचार पट्ट्यात करू नये. चार पावलांवर समोरचे घर दिसेनासे होते आणि दिशा हरवते.

गाडीत असताना पट्टा दिसला तर त्याच्या कडेबाहेरच थांबावे, पेट्रोल पंपावर किंवा दुकानाच्या आवारात गाडी लावावी आणि तो सरकण्याची वाट पाहावी. ऊन असलेल्या रस्त्यावरून निघालेला माणूस दोन मिनिटांत काहीही न दिसणाऱ्या पांढऱ्या अंधारात शिरतो. क्रूझ कंट्रोल बंद ठेवावा, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवावे, प्लाऊला ओलांडू नये. पूल रस्त्याच्या आधी गोठतात. किनाऱ्यालगतचा स्कायवे तर वाऱ्यामुळेच अनेकदा बंद होतो.

अडकलातच, तर गाडी सोडून चालत निघू नये. ९११ ला जागा कळवावी, भडक फडके आरशाला बांधावे, धुराची नळी बर्फातून मोकळी करावी आणि मगच इंजिन चालू करावे. तासाला १० मिनिटे पुरतात. त्या वेळी वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. हात-पाय हलवत राहावे आणि सोबतच्या सर्वांनी एकाच वेळी झोपू नये.

पायरी ८: उपसणे

नोव्हेंबरचा बर्फ जानेवारीच्या बर्फासारखा भुसभुशीत नसतो. पाणी अजून ऊबदार असल्यामुळे तो ओला आणि जड पडतो. एक फावडे भरले की भिजलेल्या रेतीची पाटी उचलल्यासारखे वाटते. थंडीत रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात, त्यात हे श्रम, म्हणून चाळिशी उलटलेल्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. इतरांनी फावडे उचलण्याऐवजी ढकलावे, अर्धेच भरावे, कंबर न वाकवता गुडघे वाकवावेत, आणि वादळ थांबण्याची वाट न पाहता दर सहा-आठ इंचांनंतर एक फेरी मारावी. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर फावडे तेथेच टाकून ९११. यंत्राने बर्फ उडवत असाल आणि त्याच्या तोंडात बर्फ अडकला, तर इंजिन बंद केल्यावरसुद्धा हात घालू नये, काठीने काढावा.

क्रम असा ठेवावा: आधी फर्नेसची नळी, मग बाहेर पडण्याचे एक दार, मग घराजवळच्या फायर हायड्रंटभोवती तीन फूट जागा, मग पदपथ, आणि सर्वांत शेवटी ड्राइव्हवे. ड्राइव्हवेच्या तोंडाशी सरकारी प्लाऊ पुन्हा एक बांध घालून जाणारच आहे, तेव्हा तेथे आधी दमून जाण्यात अर्थ नाही. बर्फ रस्त्यावर ढकलू नये. शेजारी वृद्ध जोडपे असेल तर त्यांची नळीही पाहून यावे. येथे ओळखी अशाच होतात.

हे किती दिवस चालते, असे नवे लोक विचारतात. सरोवर उथळ असल्यामुळे ते लवकर गारठतेही. पाणी ३९ अंश फॅरनहाइटपर्यंत (सुमारे ४ अंश सेल्सिअस) उतरले, किंवा १६ डिसेंबर उजाडला, यांपैकी जे आधी होईल त्यानंतर नायगारा नदी सरोवरातून निघते तेथे बर्फ अडवणारी तरंगत्या पोलादी नळकांड्यांची साखळी, म्हणजे ‘आइस बूम’, टाकण्याची परवानगी असते, आणि त्याची बातमी स्थानिक वृत्तपत्रांत येते. जानेवारी-फेब्रुवारीत सरोवराचा पृष्ठभाग बराचसा गोठला की बाष्प मिळणे थांबते आणि पट्टे विरळ होतात. जानेवारी १९७७ च्या प्रसिद्ध हिमवादळात सरोवर गोठलेलेच होते. त्या वेळी वाऱ्याने बर्फावर साचलेला भुगा उचलून शहरावर आणला, म्हणून गोठलेल्या सरोवराच्या काळातही वाऱ्याचा इशारा दुर्लक्षू नये. ऑन्टारियो सरोवर खोल असल्यामुळे सहसा पूर्ण गोठत नाही, त्यामुळे ऑस्विगो आणि टग हिलच्या पठाराकडे हे चक्र मार्चपर्यंत चालू राहते. याच ऊब धरून ठेवणाऱ्या पाण्यामुळे शोटॉक्वाच्या किनाऱ्यावर शरदातले गोठलेले दव (फ्रॉस्ट) लांबते आणि तेथे काँकर्ड जातीच्या द्राक्षांचे मळे पिकतात. नाशिककडच्या मंडळींनी सप्टेंबरच्या शेवटी एकदा तिकडे जाऊन यावे आणि परतताना टायरवाल्याकडे वेळ घेऊन यावा.